रेल्वेमार्गाचा पैसा कुठल्या टेबलावर अडला, हे कसं शोधायचं

राज्य सरकार म्हणतं, आमचा हिस्सा दिला. रेल्वे म्हणते, हिस्सा थकलाय. प्रवासी संघटना दोन्हीकडे निवेदनं देत राहते आणि मार्ग जिथे थांबला होता तिथेच राहतो. अशा वादात बहुतेक वेळा कोणीच खोटं बोलत नसतं. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. राज्य शासन निर्णयातली रक्कम मोजतं, रेल्वे आपल्या खात्यात जमा झालेली. राज्य भूसंपादनासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलेले पैसे धरतं, रेल्वे ते धरेलच असं नाही. एक जण ३१ मार्चचा आकडा सांगतो, दुसरा आजचा.

म्हणून ‘निधी द्या’ ही मागणी दुसऱ्या पायरीवर ठेवा. पहिली मागणी अशी हवी: दोन्ही बाजूंनी एकाच तारखेचा हिशेब समोरासमोर ठेवावा आणि त्या ताळमेळ पत्रकावर दोघांनी सही करावी. तो कागद कसा मिळवायचा, नाहीच मिळाला तर आपण कसा तयार करायचा आणि तो घेऊन कुणाच्या दारात जायचं, ते पुढे दिलं आहे.

आधी करार बघा, टक्का नंतर

महाराष्ट्रातले बरेच नवे मार्ग खर्च-वाटणीवर उभे आहेत. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किमीचा मार्ग निम्म्या-निम्म्या वाट्याचा. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किमीचा मार्ग रेल्वे ६० टक्के आणि राज्य ४० टक्के अशा वाट्याचा. भाषणात आणि बातमीत हा टक्काच येतो. भांडण मात्र टक्का कशावर लावायचा यावरून होतं.

परळी मार्गाचंच उदाहरण घ्या. १९९५ साली मंजूर झाला तेव्हा खर्च ३५३ कोटी रुपये धरला होता. निम्मा वाटा म्हणजे १७६.५ कोटी. सुधारित खर्च ४,८०५ कोटींवर गेला, म्हणजे राज्याचा वाटा २,४०२ कोटींच्या पुढे. टक्का तोच राहिला, पण राज्याच्या तिजोरीवरचा भार तेरा पटींहून जास्त वाढला. अशा प्रत्येक वाढीला राज्याची नव्यानं संमती लागते की जुन्या संमतीतच ती गृहीत आहे, हा प्रश्न ज्या मार्गावर आधी सुटलेला नसतो तिथे काम दर सुधारित अंदाजपत्रकाला अडखळतं.

म्हणून सगळ्यात आधी राज्याचं संमतिपत्र, त्यावरचा शासन निर्णय आणि करार झाला असेल तर तो, असे तीन कागद मिळवा. त्यात पुढच्या गोष्टी शोधा आणि प्रत्येकीखाली पेन्सिलनं रेघ ओढा.

वाटा मूळ खर्चावर आहे की ‘वेळोवेळी सुधारित होणाऱ्या’ खर्चावर? हे तीन शब्द असतील तर राज्याला वाढीव खर्च नाकारणं अवघड जातं. नसतील तर दर वाढीला मंत्रिमंडळासमोर नवा प्रस्ताव.

जमिनीची किंमत वाट्यात धरली आहे की वाट्याशिवाय वेगळी? काही ठिकाणी राज्य जमीन मोफत देतं आणि वर बांधकामाचा निम्मा खर्चही देतं. कर्नाटकातल्या अनेक मार्गांची रचना अशी आहे. दुसरीकडे जमिनीचे पैसे वाट्यातून वजा होतात. कागदात हे स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर तुमच्या मार्गाचा अर्धा वाद इथेच आहे असं समजा.

पैसे हप्त्यानं द्यायचे की रेल्वेच्या मागणीपत्रानुसार? मागणीपत्रावर अवलंबून असेल, तर रेल्वेनं मागितलंच नाही म्हणून राज्यानं दिलं नाही, असंही घडतं. तेव्हा राज्यावर मोर्चा नेणं म्हणजे चुकीच्या दारात बसणं.

राज्य आपला वाटा कुठून आणणार, हेही एकदा विचारा. केरळमधल्या अंगमाली–शबरी मार्गाचं घोडं इथेच अडलं. १११ किमीचा हा मार्ग १९९७-९८ मध्ये मंजूर झाला. निम्मा वाटा द्यायची तयारी केरळनं दाखवली, पण त्यासाठी काढायचं कर्ज राज्याच्या कर्जमर्यादेत धरू नये अशी अट घातली. वाट्याचा टक्का दोघांनाही मान्य होता आणि तरी गाडी पुढे सरकली नाही.

पिंक बुक कसं वाचायचं

रेल्वेच्या कामांची वर्षवार यादी पिंक बुकात असते. स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प २०१७ पासून बंद झाला, तरी ही यादी अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांबरोबर येते आणि भारतीय रेल्वेच्या संकेतस्थळावर झोननिहाय मिळते. तुमचा जिल्हा नव्हे, तुमचा मार्ग कोणत्या झोनकडे आहे ते पाहा. बीड जिल्हा मराठवाड्यात असला तरी अहिल्यानगर–परळीचं काम मध्य रेल्वेकडे आहे. वडसा–गडचिरोली दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे आहे. नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेचा, पण वर्ध्याहून नांदेडला येणाऱ्या मार्गाचं बांधकाम मध्य रेल्वे करते. चुकीच्या झोनचं पुस्तक उघडून ‘आमच्या मार्गाला शून्य तरतूद’ अशी पत्रकं निघालेली आहेत. तसं झालं की पुढच्या प्रत्येक निवेदनाची किंमत घसरते.

पुस्तकात कामं योजनाशीर्षांनुसार लावलेली असतात. नवा मार्ग शीर्ष ११ मध्ये, गेज रूपांतर १४ मध्ये, दुहेरीकरण १५ मध्ये, उड्डाणपूल-भुयारी पूल ३० मध्ये, प्रवासी सुविधा ५३ मध्ये, महानगर वाहतूक प्रकल्प ८१ मध्ये. तुमच्या कामाच्या ओळीत समावेशाचं वर्ष, अपेक्षित खर्च, मागच्या वर्षअखेरपर्यंतचा खर्च आणि चालू वर्षाची तरतूद पाहा. पानाच्या डोक्यावर एकक छापलेलं असतं, ते आधी वाचा. आकडे हजार रुपयांत असतात. म्हणजे तरतुदीच्या रकान्यात नुसता ‘१’ दिसला तर ती एक कोटीची तरतूद नाही. ते एक हजार रुपये आहेत. ही नाममात्र तरतूद काम यादीत जिवंत ठेवण्यासाठी असते. त्यावर पेढे वाटू नका. तसंच त्यावरून मार्ग रद्द झाला असंही म्हणू नका.

एका वर्षाची ओळ फसवते. सलग पाच वर्षांची पुस्तकं उतरवून घ्या आणि आधीच्या वर्षी केलेली तरतूद पुढच्या वर्षीच्या ‘आतापर्यंतचा खर्च’ या रकान्याशी ताडून पाहा. शंभर कोटींची तरतूद होऊन खर्च वीस कोटींनीच वाढला असेल, तर अडचण निधीची नाही. जमीन, वनपरवानगी किंवा ठेकेदार, यांतलं काहीतरी अडलं आहे. अशा वेळी जास्त तरतूद मागून काहीच होत नाही; तो पैसा मार्चआधी दुसऱ्या कामाकडे वळवला जातो.

राज्याला मिळालेला एकूण आकडाही असाच बाजूला ठेवा. २०२५-२६ साठी महाराष्ट्राला २३,७७८ कोटी रुपये असं जाहीर झालं. तो आकडा संपूर्ण राज्यातल्या रेल्वेकामांचा आहे. तुमच्या मार्गाबद्दल तो काहीही सांगत नाही.

राज्याच्या बाजूचे चार शब्द

मंजूर, तरतूद, वितरित, जमा. मंत्रालयातल्या या चार पायऱ्या बातमीत एकाच शब्दात येतात: ‘निधी दिला’. प्रत्यक्षात तरतूद अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत होते. वित्त विभागाच्या परवानगीनं तिचा काही भाग वितरित होतो आणि त्याचा शासन निर्णय निघतो. त्यानंतर आहरण व संवितरण अधिकारी देयक काढतो, कोषागारातून रक्कम जाते आणि मग ती रेल्वेच्या खात्यात जमा होते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निघालेल्या शासन निर्णयाची रक्कम प्रत्यक्ष पोहोचली का, हे वेगळं तपासावं लागतं. वर्ष संपेपर्यंत काढली नाही तर ती परत जाते आणि पुढच्या वर्षी सगळं पुन्हा.

रेल्वेमार्गांचा वाटा गृह विभागाच्या परिवहन शाखेकडून जातो. शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकून शोधता येतात. मार्गाचं नाव टाकताना जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं टाका, कारण ‘अहमदनगर’ आणि ‘अहिल्यानगर’ यांच्या फरकानंही कागद सापडत नाही. तरतूद आणि वितरण यांतला फरक अर्थसंकल्प वितरणाच्या ‘बीम्स’ प्रणालीवर लेखाशीर्षानुसार दिसतो. लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाचा अर्थसंकल्पातला सांकेतिक क्रमांक, शासन निर्णयाच्या मजकुरातच असतं, ते तिथून उचला.

शासन निर्णयात आणखी एक ओळ शोधा: ‘यापूर्वी वितरित निधीचं उपयोगिता प्रमाणपत्र’. आधीचे पैसे खर्च झाल्याचं हे प्रमाणपत्र रेल्वेकडून आलं नसेल, तर वित्त विभाग पुढचा हप्ता रोखतो. बाहेरून पाहणाऱ्याला राज्य हात आखडतंय असं वाटतं, प्रत्यक्षात रेल्वेच्या लेखा कार्यालयातलं एक पत्र बाकी असतं. ही गाठ सुटायला सगळ्यात सोपी असते, म्हणून ती आधी तपासा.

जमिनीच्या मुदती

निधीच्या वादाचं मूळ पुष्कळदा भूसंपादनात सापडतं. रेल्वे कायदा १९८९ मध्ये २००८ साली विशेष रेल्वे प्रकल्पांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यात कलम २०-अ ची (जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी) अधिसूचना निघाल्यापासून ३० दिवसांत हरकती घ्यायच्या असतात. २०-अ पासून एका वर्षात कलम २०-ई ची (जमीन घेणारच, अशी) घोषणा झाली नाही, तर अधिसूचना निष्प्रभ होते. घोषणेपासून एका वर्षात निवाडा, म्हणजे भरपाई ठरवणारा आदेश, करायचा असतो. अपवाद म्हणून सहा महिने वाढतात. भूसंपादन २०१३ च्या कायद्याखाली होत असेल तर कलमं वेगळी आहेत, पण घोषणेला बारा आणि निवाड्याला बारा महिने ही चौकट तिथेही आहे.

मुदत उलटून अधिसूचना निष्प्रभ झाली की प्रक्रिया पुन्हा सुरू होते आणि जमिनीचा दर नव्या तारखेचा लागतो. प्रकल्पाचा खर्च वाढतो, त्याबरोबर राज्याचा वाटा वाढतो, सुधारित खर्चाला संमती हवी म्हणून फाइल परत मंत्रालयात जाते आणि त्या काळात रेल्वे ‘राज्याचा वाटा बाकी’ असं लिहिते. निधीच्या नावानं गाजणाऱ्या भांडणाची सुरुवात एखाद्या उपविभागीय कार्यालयात हुकलेल्या तारखेत असू शकते. गावनिहाय तक्ता करा: गाव, लागणारं क्षेत्र, २०-अ ची तारीख, २०-ई ची तारीख, निवाडा, पैसे वाटप, ताबा. ज्या गावाची मुदत तीन महिन्यांत संपते आहे त्याला लाल खूण करा आणि त्या गावासाठी जिल्हाधिकाऱ्यांना लगेच भेटा. एवढ्या एका कामानं वाचणारा पैसा कित्येक निवेदनांतून मिळत नाही.

वनजमीन असेल तर तिचा रकाना वेगळा ठेवा. वडसा–गडचिरोलीसारखा जंगलातून जाणारा मार्ग केवळ तरतूद वाढवून पुढे जात नाही.

माहितीचा अर्ज कसा लिहायचा

माहिती अधिकाराचा एकच मोठा अर्ज सगळीकडे पाठवू नका. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे राज्याच्या कार्यालयाकडे करायचा अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. केंद्राच्या कार्यालयासाठी साधारण मर्यादा ५०० शब्दांची आहे. दोन्हीकडे शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत. दोन्ही सरकारांची ऑनलाइन पोर्टल वेगळी आहेत.

तीन अर्ज लागतात. रेल्वेचा अर्ज विभागीय व्यवस्थापकांच्या कार्यालयाकडे न करता झोनच्या बांधकाम संघटनेकडे करा. नव्या मार्गाचं काम तिथे मुख्य प्रशासकीय अधिकारी (बांधकाम) यांच्या अखत्यारीत असतं. दुसरा गृह विभाग (परिवहन) यांच्याकडे. तिसरा संबंधित भूसंपादन अधिकाऱ्याकडे.

‘काम का रखडलं?’ असं विचारू नका. ‘का’ला कायद्यानं उत्तर बंधनकारक नाही, नोंदीत असलेली माहिती मागा. रेल्वेसाठी मजकूर असा चालेल: ‘… या नव्या मार्गासाठी मंजुरीपासून दि. ३१ मार्चपर्यंत (१) राज्य शासनाकडे पाठवलेल्या प्रत्येक मागणीपत्राचा क्रमांक, दिनांक व रक्कम, (२) राज्याकडून जमा झालेली प्रत्येक रक्कम व जमा दिनांक, (३) पाठवलेल्या प्रत्येक उपयोगिता प्रमाणपत्राचा क्रमांक, दिनांक व रक्कम, (४) रेल्वेनं स्वतःच्या निधीतून केलेला वर्षवार खर्च, यांच्या प्रती द्याव्यात.’ राज्याला हेच उलट्या बाजूनं विचारा आणि तारीख तीच ठेवा. तारीख बदलली की दोन्ही उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत आणि तीन महिने वाया जातात.

उत्तर ‘माहिती विस्तृत आहे’ असं आलं तर फाइल पाहण्याची परवानगी मागा. केंद्राच्या नियमांत पाहणीचा पहिला तास मोफत आहे, पुढच्या प्रत्येक तासाला ५ रुपये. दोघांनी जा: एकानं वाचावं, दुसऱ्यानं पत्रक्रमांक लिहून घ्यावेत.

एका पानाचा ताळमेळ

समजा प्रकल्प १,००० कोटींचा, वाटा निम्मा-निम्मा. राज्य म्हणतं ३३० कोटी दिले, रेल्वे म्हणते २२० कोटी आले. फरक ११० कोटींचा. कागद लावल्यावर दिसतं की ६० कोटी भूसंपादनासाठी थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले आणि ५० कोटींचा शासन निर्णय मार्चमध्ये निघाला, पण रक्कम जमा झाली नाही. आता हे दोन वेगळे प्रश्न झाले. ६० कोटी वाट्यात धरायचे का, हे कराराच्या वाचनावर ठरतं आणि त्यासाठी परिवहन शाखा व रेल्वे बांधकाम यांची बैठक लागते. ५० कोटींसाठी कोषागार आणि वित्त विभाग.

पानावर पाच रकाने पुरतात: बाब, राज्याचा आकडा, रेल्वेचा आकडा, फरक, फरकाचं कारण व कागदाचा क्रमांक. शेवटच्या रकान्यात क्रमांक नसलेली एकही ओळ ठेवू नका. बैठकीत अधिकारी नेमकी तीच ओळ उचलतात आणि बाकीचं पान बाजूला पडतं.

कुणाकडे, कधी

केंद्राचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो, पण झोनचे प्रस्ताव आदल्या वर्षाच्या उत्तरार्धातच तयार होतात. जानेवारीत खासदारांना दिलेलं निवेदन त्या वर्षासाठी उशिराचं. ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये पान तयार हवं. राज्यात मार्चचं अधिवेशन हुकलं तर पावसाळी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या या दोन संधी उरतात.

खासदारांना भाषण करायला सांगण्याऐवजी अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा, प्रश्न लिहून द्या. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. लेखी उत्तरातला आकडा मंत्रालयाचा अधिकृत आकडा ठरतो आणि पुढे कोणी तो नाकारू शकत नाही. प्रश्न एका मार्गाचा आणि एकाच तारखेचा ठेवा. ‘महाराष्ट्रातील प्रलंबित प्रकल्प’ असं विचारलं की राज्यभराचं परिशिष्ट येतं आणि तुमचा मार्ग त्यात हरवतो. त्याच आठवड्यात आमदारांकरवी विधिमंडळात तोच प्रश्न उलट बाजूनं गेला तर उत्तम. दोन सभागृहांत दोन वेगळे आकडे आले की ताळमेळ बैठक टाळणं कुणालाच शक्य होत नाही.

मार्ग आहे, गाडीच काढली असेल तर

हा वेगळा वाद आहे. भारतात पॅसेंजर गाडी चालवण्याचा तोटा सहसा राज्य भरत नाही, रेल्वेच सोसते. प्रवाशाला तिकिटावर सरासरी ४६ टक्के सवलत पडते आणि वर्षाला सुमारे ५७ हजार कोटींचा भार येतो, असं रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलं आहे. ‘तोट्यातली गाडी’ हे कारण ऐकू आलं की लक्षात ठेवा, हा देशाचा सरासरी आकडा आहे. त्या गाडीचा आकडा वेगळा मागा. साध्या तिकिटावर गाडीचं नाव नसतं, फक्त दोन स्थानकं असतात. त्यामुळे एका पॅसेंजरमध्ये किती माणसं बसली हे तिकीटविक्रीतून नेमकं कळतच नाही, आणि तोट्याचा दावा इथे कच्चा पडतो.

त्यावर उपाय म्हणजे मोजणी. सलग सात दिवस, प्रत्येक स्थानकावर चढणारे आणि उतरणारे, दर दोन डब्यांना एक माणूस. आठवडी बाजाराचा दिवस आणि रविवार त्यात यायलाच हवा, सणाचा आठवडा टाळा. पासधारक वेगळे मोजा, कारण पास एकदाच विकला जातो आणि माणूस रोज येतो. कोविडनंतर साध्या गाड्यांना एक्सप्रेसचं भाडं लागून किमान तिकीट १० वरून ३० रुपये झालं होतं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते परत १० वर आलं. त्या काळातली प्रवासीसंख्या पुरावा म्हणून समोर ठेवली गेली, तर हे भाडं दाखवून ती तुलना नाकारा. मोजणीचा तक्ता विभागीय उपयोगकर्ता सल्लागार समितीच्या सदस्याकरवी विषयपत्रिकेवर आणा. नुसतं टपालानं पाठवलेल्या तक्त्याला इतिवृत्तात जागा मिळत नाही.

कोकणात दारं आणखी वेगळी. कोकण रेल्वे १९९० साली महामंडळ म्हणून उभी राहिली. सुरुवातीच्या भांडवलात रेल्वे मंत्रालयाचे ५१ टक्के होते, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६. तिचं काम मध्य रेल्वेच्या पिंक बुकात शोधून सापडत नाही. महाराष्ट्रानं २०२५ मध्ये भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला संमती दिली, पण तुमच्या स्थानकाच्या कामाची मंजुरी आज कुणाच्या सहीनं होते ते अर्ज करण्याआधी महामंडळाकडून लेखी घ्या. मुंबई उपनगरातही तसंच: तिथल्या एमयूटीपीच्या (मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या) कामांचा खर्च राज्य आणि रेल्वे निम्मा-निम्मा उचलतात आणि कामं मुंबई रेल्वे विकास महामंडळाकडे असतात. तिथे राज्याच्या वाट्याची चौकशी करताना एमएमआरडीए आणि सिडकोकडेही अर्ज द्यावा लागतो, कारण वाटा बऱ्याचदा त्यांच्या खात्यातून जातो.